पुतण्याच्या खुनानंतर: एक काका रोमचा, एक पुण्याचा

30 ऑगस्ट 1773, सोमवार. भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. शनिवारवाड्यात गणपती बसलेले होते आणि दुपारची जेवणे आटोपून वाडा थोडा सुस्तावला होता. थकलेल्या पगारासाठी कुरबुर करणारे गारदी दरवाजातून आत घुसले आणि तलवारी उपसूनच पेशव्यांच्या महालाकडे धावले. अठरा वर्षांचे नारायणराव पळत सुटले ते थेट चुलत्याच्या दालनात. त्यांनी रघुनाथरावांच्या कमरेला मिठी मारली. चाफाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याला वाचवायला मध्ये पडला, तो तिथेच कापला गेला. सुमेरसिंग गारदी आणि रघुनाथरावांचा खासगीतला नोकर तुळाजी पवार यांनी मिठी सोडवली आणि पेशव्यांचा अंत झाला. सगळा प्रकार तास उलटायच्या आत संपला.

मराठी माणसाला ही गोष्ट शाळेपासून पाठ असते. ‘काका, मला वाचवा’ ही हाक आणि रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंनी हुकुमातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ केले तो ‘ध’चा ‘मा’ इथपर्यंत आले की बहुतेकांची गोष्ट संपते. पण राजकारणाच्या दृष्टीने ती इथे सुरू होते. मसनद मोकळी झाली होती. दावा सांगणारा माणूस त्याच वाड्यात, त्याच संध्याकाळी हजर होता. पहिल्या बाजीरावांचा मुलगा, लाहोर-अटकेपर्यंत फौजा नेलेला सेनापती, वय एकोणचाळीस. फौजेचा धाक, गादीवर वारशाचा हक्क आणि समोर कोणी प्रौढ प्रतिस्पर्धी नाही, एवढे सगळे जमून आलेले असताना रघुनाथरावांच्या हाती पेशवाई जेमतेम नऊ महिने राहिली. असे का झाले?

याचे उत्तर शोधताना रोमकडे बघण्याचा मोह होतो, कारण रोमन साम्राज्यात सम्राटाचा खून ही काही क्वचित घडणारी गोष्ट नव्हती. मारेकरी बहुधा पहाऱ्यावरचेच शिपाई असत. खुनानंतर गादीवर आलेल्यांपैकी काही जण दहा-दहा, वीस-वीस वर्षे राज्य करून गेले, तर काहींची तीन महिन्यांत गच्छंती झाली. यातले एक प्रकरण तर पुण्याच्या प्रकरणाशी चकित व्हावे इतके जुळते. तिथेही पुतण्या मारला गेला आणि काका गादीवर आला.

इसवी सन 41, 24 जानेवारी. सम्राट कॅलिग्युला राजवाड्यातल्या एका अरुंद वाटेने चालला असताना त्याच्याच अंगरक्षक दलाचा, म्हणजे प्रिटोरियन गार्डचा, अधिकारी कॅसियस कीरिया याने साथीदारांसह त्याला भोसकले. पाठोपाठ त्याची बायको आणि तान्ही मुलगीही मारली गेली. कॅलिग्युलाचा चुलता क्लॉडियस त्या वेळी पन्नाशीचा होता. पाय ओढत चालणारा, अडखळत बोलणारा, इतिहासाची पुस्तके लिहीत बसणारा. घरच्यांनीही त्याला कधी गंभीरपणे घेतले नव्हते आणि पुतण्याच्या दरबारात तर तो चेष्टेचा विषय होता. गोंधळ ऐकून तो पडद्याआड लपला. खाली दिसणारे पाय पाहून एका शिपायाने त्याला बाहेर ओढले, ओळखले आणि सम्राट म्हणून मुजरा केला. शिपायांनी त्याला उचलून आपल्या छावणीत नेले.

तिकडे सिनेटमध्ये खल चालू होता. सम्राटशाहीच मोडून जुने प्रजासत्ताक परत आणावे, असे काही सरदारांचे म्हणणे होते, आणि काहींना स्वतःच सम्राट व्हायचे होते. त्यांचा वाद मिटेपर्यंत क्लॉडियसने आपले काम उरकले. प्रत्येक प्रिटोरियन शिपायाला त्याने 15 हजार सेस्टर्स देण्याचे कबूल केले. शिपायाचा वर्षाचा पगार तीन हजारांच्या आसपास असे, म्हणजे ही पाच वर्षांची कमाई एका दमात झाली. सिनेटच्या बाजूला असलेले शहरातले सैनिकही छावणीकडे सरकू लागले. ज्यूंचा राजा हेरोद अग्रिप्पा दोन्हीकडे निरोप पोचवत होता. दुसऱ्या दिवशी सिनेटने मान तुकवली.

पैसा देऊन फौज फिरवणे यात फारसे कौशल्य नाही. क्लॉडियसचे कौशल्य पुढच्या पावलात दिसले. ज्या कीरियाच्या तलवारीमुळे तो सम्राट झाला, त्यालाच त्याने मृत्युदंड दिला. पुतण्या कितीही वाईट असला तरी सम्राटाला मारणारा शिपाई जिवंत राहिला तर उद्याची पाळी आपली, हा साधा हिशेब त्यामागे होता. कटात सामील झालेल्या किंवा प्रजासत्ताकाच्या बाजूने बोललेल्या बाकीच्या बहुतेकांना मात्र त्याने माफी दिली. त्या दोन दिवसांत जे बोलले गेले, जे घडले, त्याची चौकशी नाही, असे जाहीर झाले. कॅलिग्युलाने हद्दपार केलेले लोक परत आले. ‘सीझर’ हे नाव रक्ताने त्याच्याकडे येत नव्हते, तेही त्याने धारण केले.

शिवाय त्याने आपला पाठीराखा लपवला नाही. त्याच्या पहिल्या वर्षांतल्या नाण्यांवर प्रिटोरियन छावणीची तटबंदी कोरलेली आहे, आणि दुसऱ्या एका नाण्यावर सम्राट आणि शिपाई हातात हात घेऊन उभे आहेत. बाजारात भाजी घेणाऱ्यालाही कळावे की हा सम्राट कोणाच्या जिवावर आहे. मग उरली ती कीर्ती. युद्ध न पाहिलेला सम्राट फौजेच्या डोळ्यांत भरत नाही, म्हणून इसवी सन 43 मध्ये त्याने ब्रिटनवर स्वारी काढली. लढाईचे काम सेनापतींनी केले. सम्राट स्वतः तिथे फक्त सोळा दिवस होता, पण रोमला परतल्यावर विजयाची मिरवणूक मात्र त्याची निघाली. क्लॉडियसने इसवी सन 54 पर्यंत, तेरा वर्षांहून अधिक काळ राज्य केले.

रोमच्या इतिहासात याच्या उलट उदाहरणेही आहेत. नीरोनंतर आलेल्या गाल्बाने फौजेला कबूल केलेले बक्षीस द्यायचे नाकारले. मी सैनिक निवडतो, विकत घेत नाही, असा त्याचा बाणा होता. इसवी सन 69 च्या जानेवारीत त्याच फौजेने त्याला भर चौकात मारले. डोमिशियनच्या खुनानंतर इसवी सन 96 मध्ये गादीवर आलेला वृद्ध नर्व्हा सौम्य होता. त्याने खुन्यांना हात लावला नाही. वर्षभरात प्रिटोरियन शिपायांनी त्यालाच वेढले आणि आपल्या जुन्या धन्याचे मारेकरी त्याच्याकडून हिसकावून घेऊन ठार केले. नर्व्हा वाचला तो लगोलग ट्राजन या दबदब्याच्या सेनापतीला दत्तक घेतल्यामुळे. आणि 193 मध्ये तर पर्टिनॅक्सला मारून शिपायांनी साम्राज्य चक्क लिलावात काढले. बोली जिंकणारा डिडियस ज्युलियानस तीनच महिन्यांत मारला गेला. त्याच्यामागून आलेल्या सेप्टिमियस सेव्हेरसने पहिले काम केले ते हे अंगरक्षक दलच बरखास्त करण्याचे.

या सगळ्या प्रकरणांतून एक गोष्ट लक्षात येते. खुनानंतर येणाऱ्याला फौज, पैसा आणि मान्यता या तीन गोष्टी तर लागतातच. त्याशिवाय खुनाचे रक्त आपल्या हाताला नाही, हे त्याला चारचौघांत दाखवता यावे लागते. खरे काय होते, हा प्रश्न वेगळा. पण दाखवता आले पाहिजे.

आता पुन्हा पुण्याला येऊ.

रघुनाथरावांनी सुरुवात चुकीची केली नव्हती. दत्तकपुत्र अमृतराव आणि बजाबा पुरंदरे यांना त्यांनी साताऱ्याला पाठवले आणि छत्रपती रामराजांकडून पेशवाईची वस्त्रे आणवली. पेशवा हा छत्रपतींचा प्रधान. सत्ता कितीही पुण्यात एकवटली असली, तरी साताऱ्याची वस्त्रे आल्याशिवाय कोणी पेशवा होत नसे. रोममध्ये सिनेटचा ठराव जे काम करी, ते काम इथे ही वस्त्रे करीत. म्हणजे मान्यता मिळाली. गारद्यांनी लाखांच्या रकमा आणि वर किल्ले मागितले. त्यांनाही जमेल तसे भागवावे लागले. कारभार सखारामबापू बोकिलांसारख्या मुरलेल्या माणसाकडे राहिला. बापू तर रघुनाथरावांच्या जुन्या पक्षातले. वरवर पाहता सगळे जागच्या जागी होते.

अडचण आली ती न्यायाधीशांकडून. रामशास्त्री प्रभुणे यांनी खुनाची चौकशी हाती घेतली आणि धागा थेट नव्या पेशव्यांपर्यंत पोचला. नारायणरावांना धरण्याचा हुकूम आपण दिला होता, पण मारण्याचा नव्हता, असे रघुनाथरावांनी कबूल केल्याची नोंद इतिहासकार ग्रँट डफने केली आहे. मारण्याचा शब्द त्या कागदात कोणी घातला, त्यावर अडीचशे वर्षे वाद चालू आहे आणि तो सुटण्याइतका पुरावा नाही. रामशास्त्र्यांच्या दृष्टीने त्याने फरक पडत नव्हता. या पापाला देहान्त प्रायश्चित्तच, असे त्यांनी तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले. सरकारचा मुख्य न्यायाधीश धन्याला खुनी ठरवून शहरातून निघून जातो, याचा अर्थ पेठापेठांत कळायला वेळ लागला नाही.

क्लॉडियसने जे सुरुवातीलाच केले, ते रघुनाथरावांना इथे करता आले असते का? सुमेरसिंगाला शनिवारवाड्यासमोर शिक्षा दिली असती, तर ‘काकांना ठाऊक नव्हते’ असे म्हणायला निदान त्यांच्या माणसांना जागा राहिली असती. पण गारद्यांच्या हातात त्यांचाच हुकूम होता. त्यांना दुखवले तर ते काय बोलतील याची भीती, आणि राखले तर लोक काय बोलतील याचीही. कीरियाशी क्लॉडियसचा कागदोपत्री काही संबंध नव्हता. तो पडद्याआड लपलेला सापडला, हेच त्याचे भांडवल ठरले. रघुनाथराव मात्र त्याच दालनात उभे होते, जिथे पुतण्याने त्यांना मिठी मारली होती.

मग त्यांनी कीर्तीचा रस्ता धरला. त्यांना तो चांगला ठाऊकही होता. पुण्यातली कुजबुज मागे टाकून फौज घेऊन ते निजामावर निघाले, आणि पुढे कर्नाटकात हैदरअलीकडे वळायचा बेत होता. मोहीम म्हणजे लूट आणि लूट म्हणजे फौजेचा थकलेला पगार, हे गणितही त्यात होते. निजामाला त्यांनी कोंडीत पकडले खरे, पण त्याच्या गोड बोलण्याला भुलून पदरात पडलेले बरेचसे परत देऊन टाकले. रणांगणावर शूर आणि तहाला बसले की भोळे, ही त्यांची ख्याती अटकेच्या स्वारीपासूनची. त्या स्वारीहून ते कीर्ती घेऊन आले होते आणि सोबत मोठे कर्जही.

मोहिमेवर असतानाच एक विचित्र प्रकार सुरू झाला. कारभारी मंडळी निरनिराळी निमित्ते काढून एकेक करून छावणीतून पुण्याला परतू लागली. सखारामबापू गेले, नाना फडणीस गेले. हरिपंत फडके आणि त्रिंबकराव मामा पेठे हेही त्याच गोटातले. पुढे ज्यांना ‘बारभाई’ म्हटले गेले, ते हे कारभारी. नाव बारा जणांचे असले तरी माणसे कमीजास्त होत राहिली. त्यांच्यात एकमेकांबद्दल प्रेम होते असे नाही. पण एका गोष्टीवर त्यांचे एकमत होते, आणि ती गोष्ट शनिवारवाड्यातच होती: नारायणरावांची विधवा गंगाबाई गरोदर होती.

रोममधल्या मारेकऱ्यांनी कॅलिग्युलाच्या तान्ह्या मुलीलाही सोडले नव्हते. ती क्रूरता होती, पण त्यामुळे मेलेल्या सम्राटाच्या नावाने फौज उभी करायला कोणी उरले नाही. पुण्यात तसे घडले नाही आणि रघुनाथरावांच्या सगळ्या तजविजीत हेच छिद्र राहिले. जानेवारी 1774 मध्ये बारभाईंनी गंगाबाईंना पुरंदर किल्ल्यावर हलवले. सोबत सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. आता गादीला दुसरा हक्कदार होता, जरी तो अजून जन्मायचा होता. कारभार गंगाबाईंच्या नावाने चालू झाला.

यात नाना फडणिसांची मेख होती. पेशव्यांच्या राज्यात फौज एका छावणीत राहत नसे. सरदारांचे सरंजाम वेगवेगळे, त्यांच्या फौजा त्यांच्याजवळ. त्या सगळ्यांना जोडणारी वस्तू म्हणजे फडावरचा हिशेब. कोणाचे सरंजाम कुठे, बाकी किती, कोणाचे कर्ज कोणाकडे, हे फडणिसाच्या दफ्तरात होते. रोमच्या प्रिटोरियन छावणीत काही हजार शिपाई असत आणि तेवढे हाती आले की राजधानी हाती आली. पुण्यात पाच-सहाशे गारदी वाडा घेऊ शकले, पण वाड्याबाहेरचे राज्य पटवर्धन, रास्ते, होळकर, शिंदे, भोसले यांच्यात विखुरलेले होते. त्यांना पत्रे कोण लिहितो, यावर पुढचे अवलंबून होते, आणि पत्रे लिहिणारे लोक पुरंदरावर जमले होते.

रघुनाथराव चिडून परत फिरले. लढणे त्यांना येत होतेच. मार्च 1774 मध्ये पंढरपूरजवळ कासेगावला त्यांनी त्रिंबकराव मामांचा धुव्वा उडवला. मामा जखमी होऊन पडले आणि त्यातच गेले. पुणे तिथून काही दूर नव्हते. पण मागून हरिपंत फडक्यांची फौज येत होती, नागपूरचे भोसले आणि निजाम यांच्याकडे बारभाईंची पत्रे पोचलेली होती. रघुनाथराव पुण्याकडे वळण्याऐवजी उत्तरेला निघाले. शिंदे-होळकर आपल्या बाजूला येतील असा त्यांना भरवसा होता.

18 एप्रिल 1774 रोजी पुरंदरावर गंगाबाईंना मुलगा झाला. नाव ठेवले माधवराव. हे मूल गंगाबाईंचे नाहीच, आधीच काही गरोदर बायका गडावर आणून ठेवल्या होत्या, त्यातल्या एकीचे मूल पुढे केले, अशी आवई रघुनाथरावांच्या पक्षाने उठवली. ती टिकली नाही. 28 मे रोजी, चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. तीही साताऱ्याहूनच. रघुनाथरावांना ज्या हातांनी वस्त्रे दिली होती, त्याच हातांनी ती आता दुसऱ्याला दिली. सिनेटने उद्या दुसऱ्याचे नाव घोषित करू नये म्हणून क्लॉडियसने छावणी कायम मुठीत ठेवली होती. रघुनाथरावांनी साताऱ्याला एकदा माणसे पाठवली, वस्त्रे आणवली आणि पुढे तिकडे कोणाची पत्रे जातात, याचा विचार केला नाही.

इथून पुढे सुरू होतो तो परक्याच्या दारातला प्रवास. शिंदे-होळकरांनी झुलवत ठेवले. गरोदर आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात ठेवून रघुनाथराव गुजरातेत उतरले. धारला जानेवारी 1775 मध्ये मुलगा झाला, तोच पुढचा दुसरा बाजीराव. इंग्रजांची मुंबई या सगळ्यावर डोळा ठेवून होती. त्यांचा वकील मॉस्टिन नारायणरावांचा खून झाला तेव्हा पुण्यातच होता, आणि पुण्याची घडी किती विस्कटली आहे हे मुंबईला नीट माहीत होते. रघुनाथरावांशी तह होण्याआधीच, डिसेंबर 1774 च्या अखेरीस, इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टीत पाय रोवले. मग मार्च 1775 मध्ये सुरतेचा तह झाला. इंग्रजांनी अडीच हजारांची पलटण द्यायची, तिचा खर्च रघुनाथरावांनी सोसायचा, तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर ठेवायचे, आणि साष्टी, वसई इंग्रजांना तोडून द्यायची. आज पालघर जिल्ह्यात असलेली ही वसई चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून घेतली होती. चिमाजी अप्पा हे रघुनाथरावांचे सख्खे चुलते.

क्लॉडियसने फौज घेतली ती राज्यातल्या तिजोरीतून. रघुनाथरावांना फौज घ्यावी लागली राज्याचा तुकडा देऊन, आणि ज्यांना समजवायचे होते त्या सरदारांच्या नजरेतून ते तिथेच कायमचे उतरले. खुनाचा आरोप तरी काहींनी गिळला असता. वसई देणारा पेशवा कोणाला चालणार होता?

पुढची सात वर्षे लढाया आणि तह यांत गेली. मे 1775 मध्ये आडासची लढाई झाली. मार्च 1776 मध्ये पुरंदरच्या तहाने कलकत्त्याच्या इंग्रजांनी मुंबईकरांचा सुरतेचा तहच मोडीत काढला. जानेवारी 1779 मध्ये मुंबईची फौज रघुनाथरावांना घेऊन घाटावर चढली आणि वडगाव मावळला महादजी शिंद्यांसमोर तिने शरणागती पत्करली. रघुनाथराव महादजींच्या हवाली झाले आणि काही महिन्यांत निसटून पुन्हा इंग्रजांकडे गेले. हे सगळे होत असताना बारभाईंनी नारायणरावांच्या मारेकऱ्यांचा माग सोडला नव्हता. गारद्यांना शोधून शोधून शिक्षा दिल्या गेल्या. हैदरअलीच्या आश्रयाला गेलेला तुळाजी पवारही त्याच्याकडून मागवून घेतला गेला. नव्या राज्यकर्त्याने पहिल्या दिवशी करायचे ते काम, पेशवे म्हणून एक तान्हे मूल पुढे करून, त्याच्या कारभाऱ्यांनी केले, आणि त्याचे श्रेयही त्यांनीच घेतले.

बारभाईंचे राज्य म्हणून सुखाचे झाले असे नाही. एकत्र आलेले कारभारी आपापसांत भांडले. सखारामबापू, मोरोबा फडणीस हे एकेक करून कैदेत गेले आणि सूत्रे नाना फडणिसांच्या हाती एकवटली. पुरंदरावर जन्मलेले ते मूल, म्हणजे सवाई माधवराव, त्यांच्याच नजरेखाली वाढले आणि ऑक्टोबर 1795 मध्ये, एकविसाव्या वर्षी, शनिवारवाड्याच्या सज्ज्यावरून पडून गेले. त्यानंतर पेशवाई गेली ती रघुनाथरावांच्याच मुलाकडे. ज्या गादीसाठी बापाने नऊ वर्षे वणवण केली, तिच्यावर दुसरा बाजीराव बसला आणि 1802 च्या अखेरीस त्यानेही इंग्रजांशी तह केला. तो झाला वसईला.

त्याच्या कितीतरी आधी, मे 1782 च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांनी रघुनाथरावांची बाजू सोडली. महिना पंचवीस हजारांच्या तनख्यावर ते गोदावरीकाठी कोपरगावला राहायला आले आणि डिसेंबर 1783 मध्ये तिथेच वारले. त्याच तहात इंग्रजांनी लढाईत घेतलेली वसई परत केली. साष्टी मात्र त्यांनी ठेवून घेतली आणि पेशव्यांना ती पुन्हा कधीच मिळाली नाही.